उशिरा उठायची सोय

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ८४४ प्रौढ माणसांना विचारलं गेलं, की तुम्ही व्हिडिओ गेम किती खेळता, झोपता कधी आणि उठता कधी. लीझे एक्सेलमन्स आणि यान व्हॅन डेन बुल्क या दोघांनी २०१५ साली त्याचा निष्कर्ष छापला. खेळाचा एकेक तास वाढला, की अंथरुणाला पाठ टेकायची वेळ सरासरी ६.९ मिनिटांनी पुढे सरकते आणि उठायची वेळ १३.८ मिनिटांनी. झोपेची प्रत खालावते ती वेगळीच. हे वाचलं तेव्हा पहिल्या आकड्याकडे माझं लक्षच गेलं नाही, दुसऱ्यावर अडकलं. उठायची वेळ पुढे सरकते! म्हणजे तिकडचा माणूस रात्री जे उधळतो, ते सकाळी निवांत भरून काढतो. कुणी हाक मारत नाही, कुणी पांघरूण ओढत नाही.

हे ताडकळसला कसं जमावं?

आमची सकाळ ठरलेली आहे आणि ती आम्ही ठरवलेली नाही. पहाटेची अजान होते, तिच्या पाठोपाठ देवळातला भोंगा सुरू होतो, शेजारच्या गोठ्यात दुधाची बादली वाजते. नळाला पाणी यायचं असेल त्या दिवशी आळीतल्या मोटारी एकदम घरघरायला लागतात. जो उठला नाही त्याची टाकी कोरडी. माय अंगणात सडा टाकता टाकता कुणालाच उद्देशून नसल्यासारखं बोलत असते, आणि ते कुणासाठी आहे हे घरात सगळ्यांना कळतं. एवढ्यातूनही कुणी चादर डोक्यावर ओढून पडलाच, तर चैत्र-वैशाखात साडेसातलाच वरचा पत्रा तापू लागतो. परभणी जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत उशिरापर्यंत लोळणं हे आळशाच्याही आवाक्यातलं काम नाही. तेव्हा फ्लँडर्सचा खेळणारा आणि पूर्णा तालुक्यातला खेळणारा, दोघं सारखाच वेळ खेळून एकाच ठोक्याला आडवे झाले, तरी दोघांना तो खेळ सारख्या भावात पडत नाही. आमची झोप एका टोकाकडून कापली जाते. दुसरं टोक खिळ्यानं ठोकलेलं असतं.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. वय चाळिशीच्या पुढं. आणि मी रोज रात्री बीजीएमआय खेळतो. हे वाक्य गावात मोठ्यानं म्हटलं तर लोक हसतात, कारण गेम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं दहावीतलं पोरगं येतं. प्रत्यक्षात माझ्या ओळखीत रात्री जागून खेळणारे बहुतेक बाप्ये लेकुरवाळे आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पब्जी आलं, आणि तेव्हा जे विशी-तिशीत होते ते आता तिशी-चाळिशीत आहेत, एवढाच हिशेब. खेळ त्यांच्याबरोबर वयानं वाढला. वडीलधाऱ्यांच्या लेखी मात्र मोबाइलवरचा कुठलाही खेळ ‘पब्जी’च, मग बायका लुडो खेळत असोत की म्हातारा सापशिडी. त्यांच्या रागाला कारणही आहे. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळाजवळ पब्जी खेळत बसलेल्या दोन तरुणांना रेल्वेनं उडवलं. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, सोयरसंबंध अजून आहेत. ती बातमी इथं पेपरातून आली नाही, घराघरातून आली.

२ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली, जुलै २०२१ ला ते बीजीएमआय या नावानं परतलं, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेलं आणि २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आलं. येताना अट घेऊन आलं: अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. सहा तास! ज्यानं कुणी हा आकडा मान्य केला, त्यानं चोवीस तासांची बेरीज कुठल्या गावात बसून केली असेल याचं मला कुतूहल आहे. दुकानाचे बारा तास, खेळाचे सहा, जेवणखाण आणि नातीगोती धरली तर झोपेला उरतं ते शिळ्या भाकरीच्या तुकड्याएवढं.

आम्ही चौघं खेळतो. चौघंही एकाच वर्गातले. एक परभणीला ऑनलाइन सेंटर चालवतो, एक हैदराबादला असतो, एक चाकणला कंपनीत आहे आणि मी इथं. शाळा सुटल्यावर आम्ही एकत्र यायचो ते लग्नांत आणि मयतीला. आता रोज येतो. कानात इअरफोनचं एकच बोंडूक, आवाज खाली, कारण खोलीत बायको-पोरं निजलेली. ‘पोचिंकीत उतरू नका बे, मरायचंय का’ हे वाक्य मी ज्या दबक्या सुरात म्हणतो, त्या सुरात माणसं एरवी देवघरात बोलतात. मध्ये कुणी तरी विचारतं, ‘सोयाबीनला काय भाव निघाला रे?’ कुणाच्या आईचा गुडघा, कुणाच्या भावाची वाटणी, कुणाच्या पोरीची अॅडमिशन, सगळं त्या गोळीबारात होऊन जातं. गावात बसायला पार उरला, पण बसणारे चाकणला गेले. आता ते भेटतात तिथं आम्ही जातो.

आणि भेटायची वेळ आम्ही ठरवत नाही, चाकणची कंपनी ठरवते. त्याची पहिली पाळी असली की रात्री नऊला खेळ सुरू होतो आणि साडेदहाला मी बिनबोभाट आडवा. दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. तो खोलीवर येऊन भाकरीचा तुकडा मोडेपर्यंत सव्वाबारा. मग पहिली मॅच. तिसऱ्या पाळीला तो नसतोच, आम्ही तिघं एखादं अनोळखी पोर घेऊन खेळतो आणि हरतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातला ड्युटी चार्ट मराठवाड्यातल्या एका खतविक्रेत्याची झोप ठरवतो, हे कुठल्या पाहणीत येणार?

झोप उडते ती पडद्याच्या उजेडानं, असं हल्ली सगळे सांगतात. त्यात तथ्य आहे. डोळ्यातल्या काही पेशींना निळसर उजेड पटकन जाणवतो, मेंदूला दिवसाचा निरोप जातो, आणि रात्री वाढायचं मेलाटोनिन रेंगाळतं. म्हणून ब्लू-कट चष्मे निघाले, फोनमध्ये पिवळा पडदा आला. पण जपानमध्ये २००५ साली सात प्रौढ पुरुषांवर एक प्रयोग झाला होता. रात्री त्यांना कधी झगझगीत पडद्यावर, कधी मंद पडद्यावर गेम खेळायला लावला, आणि कधी गेमऐवजी साधंसुधं कंटाळवाणं काम दिलं. गेमनंतर डोळा लागायला वेळ लागला आणि स्वप्नांची झोप कमी झाली. पडदा झगझगीत होता की मंद, यानं डोळा लागण्यात फरक पडला नाही. माणसं सातच, तेव्हा फार ताणू नये. पण माझा अनुभव त्या सातांच्या बाजूनं आहे. फोन पिवळा करून खेळलेल्या रात्रीही छातीतली धडधड तेवढीच असते. समोरच्या झुडपात कुणी आहे की नाही, याचा उजेडाशी काय संबंध?

शिवाय डोळा लागायला दहा मिनिटं जास्त लागली तर लागली. खरी झोप जाते ती त्याआधी, ‘आता बास’ आणि फोन ठेवणं यांच्यामधल्या पट्ट्यात. एका मॅचला शंभर जण उतरतात, वर्तुळ आवळत जातं, अर्ध्या तासात निकाल. निकाल लागतो म्हणूनच थांबता येत नाही. उतरल्या उतरल्या मेलो, तर ही काय मॅच झाली का, म्हणून आणखी एक. शेवटच्या तिघांत येऊन मेलो, तर अगदी हातातोंडाशी आलेलं गेलं, म्हणून आणखी एक. जिंकलो, तर आज हात चाललाय, म्हणून आणखी एक. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात. त्यात सीझन संपत आला की सगळे चेकाळतात, कारण नवीन सीझनला पायरी खाली येते. गोल्डचा प्लॅटिनम, प्लॅटिनमचा डायमंड करायला शेवटचे चार दिवस उरलेले असतात. कॉन्कररपर्यंत पोचतात ते यादीतले वरचे पाचशे. आमच्यातला कुणी तिथं पोचणार नाही हे चौघांनाही ठाऊक आहे. तरी चढायचं.

आणि चौघांतला एक ‘चला, एक शेवटची’ म्हणाला, की उरलेल्या तिघांना नाही म्हणणं जड जातं. एकटा खेळणारा स्वतःशी हुज्जत घालू शकतो. चौघांत खेळणारा मित्राला अडचणीत टाकून झोपायला जातो, निदान त्याला तसं वाटतं.

बायकोचा खेळ वेगळा. ती कँडी क्रश खेळते. २०१२ पासूनचा जुना खेळ, पण त्याची मेख अजून कुणाला सुधारता आली नाही: पाच जीव मिळतात, संपले की दर अर्ध्या तासानं एक परत येतो. म्हणजे खेळ स्वतःच तुम्हाला घालवतो आणि स्वतःच वाट बघायला लावतो. भांडी आवरून, दूध विरजून, पोरांची दप्तरं भरून साडेदहा-पावणेअकराला ती भिंतीकडं तोंड करून आडवी होते आणि पडद्यावरच्या गोळ्या फोडते. जीव संपले की फोन छातीवर ठेवते. बऱ्याचदा डोळा लागतो. पण कधी कधी अकरा-सव्वाअकराला तिचा अंगठा परत हलताना दिसतो. मी एकदा म्हणालो, झोप की आता. ती म्हणाली, ‘दिवसभर समद्यांचं करायलेच ना मी? हा अर्धा तास मपला हाय.’

यावर बोलायला मला तोंड नव्हतं. ती पाचला उठते. मी सहाला. चाकणवाल्याच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात आमच्या घरात खेळापायी झोप कुणाची जास्त जाते याचा हिशेब मांडला, तर गोळीबार करणारा मी सुटतो आणि गोळ्या फोडणारी ती अडकते. प्रौढांच्या गेमिंगवर जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात ती कुठंच नसते. तिला कुणी गेमर म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाही.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या फ्लोर क्रूसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये झोपायच्या टाळाटाळीवर लिहिलं: बाहेरून काही अडचण नसताना, उद्या त्रास होणार हे कळत असताना, माणूस अंथरुणात जायचं लांबवतो. त्यांनी त्याचा संबंध मनावरच्या ताब्याशी जोडला. चीनमधल्या नोकरदारांनी पुढं त्याला सूडाची जोड दिली. दिवसानं जे हिसकावलं ते रात्री वसूल करायचं. मला क्रूसेबाईंपेक्षा चिनी कारकून जास्त पटतो. दुकानात मी दिवसभर दुसऱ्यांच्या कपाशीवरचे मावा-तुडतुडे ऐकतो. उधारीची वही माझ्याकडं असते आणि तरी मिनतवारी मीच करतो. साडेआठला शटर ओढल्यावर घरी पोरांचा अभ्यास, मायच्या गोळ्या, कुणाचं तरी पाहुणपण. दिवसातला जो पहिला तास मला कुणी काही मागत नाही, तो बहुतेक दिवशी रात्री अकरानंतर उगवतो. तो मी झोपून घालवावा, असं सांगणारा माणूस बरोबर सांगतो, पण त्याला तो तास काय आहे हे माहीत नसतं.

आमच्याकडं जागरण काही नवं नाही. रब्बीत शेतीला थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हा प्रकार मराठवाड्यानं वर्षानुवर्षं काढला. रातची लाईट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला कडाक्याच्या थंडीत मफलर गुंडाळून निघायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, इचूकाट्याचं भ्या मनात. माझा चुलतभाऊ याच रात्रींत गेम खेळायला शिकला. स्प्रिंकलरचे पाइप एकदा मांडले, की पुढच्या बदलीपर्यंत दोन-तीन तास काहीच काम नसतं, पण झोपताही येत नाही. मोटार मध्येच बंद पडली तर अख्खी पाळी वाया. तेव्हा धुऱ्यावर पोतं टाकून, फवाऱ्याचा टकटक आवाज कानावर ठेवून तो फ्री फायर खेळायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर बंदी येईपर्यंत खेळला, मग दुसरं काही घेतलं. त्याची झोप खेळानं खाल्ली असं म्हणणं अन्याय होईल. झोप आधीच गेलेली होती, खेळानं तिच्या जागी बसून सोबत केली.

गंमत पुढं आहे. त्याच्याकडं आता सौरपंप आला. पाणी दिवसा जातं, रातची लाईट त्याच्यापुरती संपली. पहिल्या हिवाळ्यात तो म्हणाला, ‘आता निवांत झोपायलो बघ.’ नंतर एकदा रात्री एकला मला त्याचं नाव ऑनलाइन दिसलं, मग वरचेवर दिसायला लागलं. जागं राहायचं कारण गेलं आणि जाग राहिली. अंगवळणी पडलेली वेळ, दुसरं काय. शरीरातलं घड्याळ सरकारी योजनेबरोबर फिरत नाही.

गावानं जागायची एक शहाणी पद्धतही शोधलेली होती. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवत नाहीत. पण ती एकाच्या गळ्यात नसते. पहारे लावलेले असतात, यादी भिंतीवर चिकटवलेली असते, अमक्याचा दोन ते चार, तमक्याचा चार ते सहा. रात्री दोनच्या पहाऱ्याला गेलेला माणूस चारला दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि घरी येऊन झोपतो. अखंड असतं ते नाम. माणसाला खंड घ्यायची मुभा असते. सप्ताह आठव्या दिवशी काल्यानं संपतो, हेही महत्त्वाचं. आमच्या खेळात वीणा ज्याच्या त्याच्या गळ्यात आणि काला कधीच नाही.

झोप कमी पडली की काय होतं, हे पाहायला मला लांब जावं लागत नाही. दुकानात मदतीला पुतण्या आहे, पंचविशीतला, रात्री माझ्याहून उशिरापर्यंत खेळणारा. दुपारी दोनच्या सुमाराला गिऱ्हाईक तुटतं तेव्हा तो डीएपीच्या थप्पीवर कलंडतो. उठतो तेव्हा गालावर पोत्याच्या विणीचे चौकोन उमटलेले असतात, आणि त्या गालानं तो गिऱ्हाइकाला तणनाशकाचं प्रमाण सांगायला जातो. मी त्याला त्या घटकेला मापाला हात लावू देत नाही, हिशेबाला बसवत नाही. पोती मोजायला लावतो. विचारलं तर म्हणतो, ‘काका, मला काय बी होत न्हाई. पाच तास पुरतेत.’ अमेरिकेत २००३ साली ४८ निरोगी माणसांवर प्रयोग झाला. काहींना दोन आठवडे रोज सहा तास, काहींना चारच तास झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष आणि स्मरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. पण आपण किती पेंगुळलोय, असं विचारल्यावर त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. ज्याचं मोजायचं तोच मोजणारा असला की असं होतं. पुतण्या खोटं बोलत नाही. त्याला खरंच काही होत नाहीसं वाटतं.

चरकानं आहाराच्या जोडीला निद्रेला शरीराचा आधारस्तंभ म्हटलंय, आणि ग्रीष्मात दिवसा झोपायला मोकळीक दिलीय. त्या मोकळिकीचा फायदा आमची बाजारपेठ पिढ्यान्‌पिढ्या घेत आलीय. मे महिन्यात दुपारी अर्धी शटरं खाली असतात. पण खेळणाऱ्याला जूनमध्ये दुपारच्या झोपेचा हा हप्ता भरता येत नाही. पेरणीच्या तोंडावर दुकानापुढं सकाळी सातलाच माणसं उभी असतात.

रमीबद्दल दोन शब्द, कारण लोक ती आणि आमचा खेळ एकाच टोपलीत टाकतात. जुलै २०२५ मध्ये तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेतला पत्त्यांच्या गेमचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढं त्यांच्याकडं क्रीडा खातं आलं. माझ्या दुकानात त्या आठवड्यात युरियापेक्षा याच्यावर जास्त बोलणं झालं. ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा येऊन पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ते बरंच झालं. रमीवाल्याची झोप वेगळ्या कारणानं जाते. त्याला खेळ संपल्यावर जाग येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंगचा विकार १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. खेळावर ताबा उरत नाही, बाकी सगळं मागं पडतं, नुकसान दिसूनही सुटत नाही, आणि असं साधारण वर्षभर चालतं, अशी त्याची लक्षणं. आमच्यातला एकही त्यात बसत नाही. आम्ही दुकानं उघडतो, पाळीवर जातो, हप्ते भरतो, लग्नात आहेर करतो. म्हणून आमच्याकडं कुणी बघत नाही. रोज तास-दीड तास कमी झोपून सगळी कामं वेळेवर करणाऱ्या माणसाला कुठल्याच यादीत जागा नाही.

या आठवड्यात चाकणवाल्याची पहिली पाळी आहे. नऊ ते साडेदहा खेळतोय, सकाळी मायला सड्याबरोबर बोलायला विषय मिळत नाही. बायकोच्या हे लक्षात आलं. तिनं कारण विचारलं, मी पाळ्यांचा हिशेब सांगितला. ती म्हणाली, ‘मग त्यांना म्हणावं, कायमची पहिलीच मागून घ्या.’ मी त्याच रात्री खेळता खेळता त्याला विचारलं. तो म्हणाला, सुपरवायझरला तीनदा अर्ज दिलाय, माझ्याही घरी दुसरी पाळी कुणाला नको आहे. सोमवारपासून परत सव्वाबारा.